मॅन पेज कशात लिहायचं : एमडॉक की मार्कडाउन?

सातपूरकर
अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यांत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचा डेटा गोळा करणारं आमचं कमांड-लाइन टूल चालतं. शॉप फ्लोअरच्या लिनक्स मशीनला इंटरनेट नसतं. रात्रपाळीत अडलं तर ऑपरेटरच्या हाताशी फक्त 'मॅन', म्हणजे टूलच्या माहितीचं पान (मॅन पेज) टर्मिनलवर दाखवणारी कमांड. म्हणून माझं ठाम मत : पान थेट एमडॉक या मॅन पानांसाठीच्या खुणांच्या भाषेत लिहा, मार्कडाउन या साध्या खुणांच्या मजकुरातून पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या टूलने काढू नका. मार्कडाउनला ठळक, तिरपं असं दिसणंच कळतं, शब्द कशाचा आहे ते नाही. एमडॉकमध्ये फ्लॅगला (कमांडपुढे आडवी रेघ देऊन लिहायचा पर्याय) वेगळा मॅक्रो (खुणेची आज्ञा), आर्ग्युमेंटला (कमांडला दिलेली किंमत) वेगळा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (सिस्टिममध्ये ठेवलेली सेटिंग) वेगळा. त्यामुळे मॅनडॉक या पानं दाखवणाऱ्या टूलच्या 'अप्रोपॉस' या शोध-कमांडला एखादं व्हेरिएबल कुठल्या पानांत आहे ते नेमकं शोधता येतं.

गंगापूर रोड
पण लिहिणार कोण? ओळ टिंबाने सुरू झाली की ती मॅक्रो ठरते. '.कॉन्फ फाइल उघडा' अशी ओळ लिहिली तर पान मांडणारा ग्रॉफ हा प्रोग्राम निमूटपणे ती गिळतो. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलांनी हे शिकत बसायचं? मार्कडाउन त्यांना येतं. गिट या कोड सांभाळणाऱ्या टूलची पानंसुद्धा आस्कीडॉक या मार्कडाउनसारख्या भाषेतून तयार होतात, कुणाचं काही अडलेलं नाही.

सातपूरकर
'मॅनडॉक -टी लिंट' (मॅनडॉकची चुका शोधणारी तपासणी) चालवा, अशी चूक ओळ क्रमांकासकट दाखवतो.

इंदिरानगर
एक मुद्दा राहतोय. एमडॉकऐवजी जुन्या 'मॅन' नावाच्या मॅक्रो-संचात हाताने लिहिताना फ्लॅगच्या आडव्या रेघेआधी बॅकस्लॅश राहिला, तर यूटीएफ-८ टर्मिनलवर तिथे वेगळंच जोडचिन्ह उमटू शकतं. दिसायला तसंच, पण कमांड कॉपी केली की चालत नाही. एमडॉकचा फ्लॅग मॅक्रो ती रेघ स्वतःच बरोबर घालतो. इथे मी सातपूरकरांच्या बाजूने.

गंगापूर रोड
हे मान्य. तरी माझी खरी भीती शिळ्या पानाची आहे. फ्लॅग बदलला आणि पान तसंच राहिलं, तर तो ऑपरेटर चुकीच्या माहितीवर मशीन चालवणार. 'हेल्पटूमॅन' वापरा, प्रोग्रामच्या हेल्पमधूनच पान निघतं, कोड आणि पान बरोबर राहतात.

सातपूरकर
फ्लॅगची यादी निघेल. पण सेन्सर तुटला तर कुठला एरर येतो, मग काय करायचं, हे हेल्पमध्ये कोण लिहितं? नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलात केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'बग्ज' असा भागच ठेवला होता. आपल्या टूलच्या उणिवा माणसानेच लिहाव्या लागतात. शिळ्या पानाची भीती मलाही आहे. त्यासाठी फ्लॅग बदलणारा कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) पान न बदलता आला तर रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्याच्या तपासणीत, परत पाठवा.

गंगापूर रोड
रिव्ह्यू करणारा कामात बुडालेला असतो. ते तपासणारी स्क्रिप्ट लिहा, मग एमडॉकला माझा विरोध नाही.