सॅन फ्रान्सिस्कोचा बार्बरी कोस्ट: पाहुण्यांना आपण नेमकं काय दाखवतो?

दगडीचाळ
उन्हाळ्यात आईबाबा आले की बे एरियातले आपण त्यांना जॅक्सन स्क्वेअरला नेतो आणि छातीठोक सांगतो, "हाच तो बार्बरी कोस्ट, गोल्ड रशच्या काळातल्या गुत्त्यांची पेठ." माझ्या मते ही शुद्ध थाप आहे. जॅक्सन स्ट्रीटवरच्या त्या देखण्या विटांच्या इमारती बहुतेक व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि गोदामं. १८५१ च्या आगींनी शहाणं होऊन लोकांनी लाकूड सोडलं, विटांच्या भिंती आणि लोखंडी झडपा घेतल्या, त्यातून हा बाज आला. नाचघरं आणि गुत्ते होते पॅसिफिक स्ट्रीटवर. ते १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेले.

मुपो_सॅनहोजे
गेले, आणि लगेच पुन्हा उभे राहिले, त्याच धंद्यासाठी! ५५५ पॅसिफिकला हिपोड्रोम नाचघराच्या दारातली अप्सरांची उठावशिल्पं अजून आहेत, बघून या. पर्सेल्स हे कृष्णवर्णीय मालकाचं नाचघर याच रस्त्यावर होतं, टर्की ट्रॉट हा नाच इथे गाजला. १९०७ ची इमारत 'जुनी' नाही, हा कुठला न्याय?

टवाळ
मंडळी, हॉटेलिंगला विसरलात. १९०६ मध्ये चर्चं जळाली आणि १८६६ चं हे व्हिस्कीचं गोदाम वाचलं. सुरुंग लावून इमारत पाडायचं घाटत होतं, पण आत एवढी दारू म्हटल्यावर बेत बारगळला. मग टेलिग्राफ हिलवरून पाण्याची नळी ओढून आणली. 'देवाने शहराला शिक्षा केली म्हणता, मग व्हिस्की कशी वाचली?' अशा अर्थाची चारोळी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती.

दगडीचाळ
@टवाळ गोदामच ना ते? गुत्ता नव्हे. माझाच मुद्दा झाला!

ओवी
तुम्ही दोघं भिंतींवरून भांडताय. खलाशाला गुंगीचं औषध पाजून जहाजावर चढवायचं आणि त्याचा आगाऊ पगार दलालाने खिशात घालायचा, हा इथला रोजचा उद्योग होता. १९१५ च्या नाविक कायद्यानंतर तो आटला. पलीकडे चायनाटाउनमध्ये विकत आणलेल्या मुली होत्या. १९१३ च्या राज्य कायद्याच्या बळावर १९१७ मध्ये पोलिसांनी कुंटणखाने बंद केले, बायका रस्त्यावर आल्या. त्यांच्या खोल्यांचं काय उरलंय? अप्सरा मात्र जपल्या. असली पेठ मला 'रंगेल' म्हणून दाखवायची नाही.

मुपो_सॅनहोजे
ओवीताई, मग पाडून टाकायचं का? माँटगोमेरी ब्लॉक बघा. १८५३ ची इमारत, १९०६ च्या आगीतूनही वाचली आणि १९५९ मध्ये पाडली. आज तिथे ट्रान्सअमेरिका पिरॅमिड ही गगनचुंबी इमारत आहे. जॅक्सन स्क्वेअर टिकला, कारण पन्नाशीच्या दशकात फर्निचर आणि सजावटवाल्यांनी इमारती घेऊन दुरुस्त केल्या. १९७२ मध्ये शहराने त्याला वारसा क्षेत्र ठरवलं ते त्यानंतर. जागा राहिली तर तुमच्या खलाशांची गोष्ट सांगायला भिंत तरी मिळेल.

ओवी
पाडा कोण म्हणतंय? सोफ्यांच्या शोरूमसमोर उभं राहून ती गोष्ट सांगणारा गाइड दाखवा, मी माघार घेते.

टवाळ
पॅसिफिक आणि बॅटरीच्या कोपऱ्यावर ओल्ड शिप सलूनला या. तिथे किनाऱ्याला लागलेल्या आर्कान्सा जहाजाच्या सांगाड्यातच गुत्ता थाटला होता. इमारत नंतरची, पण धंदा तोच. @दगडीचाळ, हा गुत्ताच आहे हो, गोदाम नव्हे. पहिली फेरी तुमची.