दोन देशांपैकी माल कुठून मागवावा? आयात शुल्काची तुलना

प्रश्न (नवा आयातदार):
एलईडी बल्ब मागवायचे आहेत. अ देशात एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) १००, भाडं-विमा ८, आयात शुल्क १० टक्के. ब देशाशी मुक्त व्यापार करार आहे म्हणून शुल्क शून्य. तिथे एफओबी १०३, भाडं-विमा १२. मग डोळे मिटून ब घ्यावा का?

गोदीवाला:
दरात १० टक्क्यांचा फरक दिसतो, हातात ३.८ उरतात. शुल्क सीआयएफवर (एफओबी अधिक भाडं-विमा) लागत असेल तर अ चं मूल्य १०८, शुल्क १०.८, माल ११८.८ ला पडतो. ब ११५ ला. भारत आणि युरोपीय संघ सीआयएफ धरतात. अमेरिका आंतरराष्ट्रीय भाडं-विमा वगळते, त्या हिशेबाने अ ११८ ला पडेल.

आयातीवरच्या मूल्यवर्धित कराची वजावट मिळत असेल तर तो तुलनेत धरू नका, पण वजावट मिळेपर्यंत अडकणाऱ्या पैशाचं व्याज जरूर धरा. आणि अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात ओतलेल्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) बघा. ते बहुधा नेहमीच्या दरपत्रकात नसून वेगळ्या अधिसूचनेत असतं, शिवाय एकाच देशातल्या दोन कारखान्यांना वेगळं असू शकतं. पुरवठादार नुसता व्यापारी असेल तर कारखान्याचं नाव आधी विचारा.

मूळदेश:
खरी मेख उगमाच्या नियमात आहे, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणाऱ्या करारातल्या नियमात. बल्ब ब मधून जहाजावर चढला म्हणून तो ब चा ठरत नाही. सवलत नाकारली गेली तर ११५ वर १० टक्के, म्हणजे १२६.५. जमलं तर ३.८ वाचतात, फसलं तर अ पेक्षा ७.७ जास्त जातात. त्यातही पडताळणी बऱ्याचदा माल विकून झाल्यावर होते आणि फरकाची मागणी आयातदाराकडे येते, पुरवठादाराकडे नाही. बल्बचे सुटे भाग कुठून येतात?

नवा आयातदार:
एलईडी मॉड्यूल (एलईडी बसवलेली पट्टी) तयार अ मधून येतात. ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) आणि बाहेरचं कवच ब मध्ये बनतं, जोडणीही तिथेच.

मूळदेश:
मग करारातला बल्बसाठीचा नियम शब्दशः वाचा. एचएस (मालाच्या वर्गीकरणाचे आंतरराष्ट्रीय कोड) २०२२ मध्ये मॉड्यूल ८५३९.५१ आणि बल्ब ८५३९.५२. नियम 'चार अंकी शीर्षक बदललं पाहिजे' (बाहेरून आणलेल्या भागाच्या आणि तयार मालाच्या कोडचे पहिले चार अंक वेगळे हवेत) असा असेल तर दोन्ही ८५३९ मध्येच, म्हणजे नापास. सहा अंकी बदल पुरत असेल तर पास. कारखान्याने सुट्या एलईडी (८५४१.४१) आणून मॉड्यूल स्वतः बनवला असता तर चार अंकी नियमही पाळला गेला असता.

मूल्यवाढीचा (ब मध्ये किती मूल्याची भर पडली याचा) पर्याय असेल, समजा एफओबीच्या ४० टक्के, तर १०३ पैकी बाहेरचा माल ६१.८ पर्यंतच चालेल. ७० चा असेल तर मूल्यवाढ ३२ टक्केच होते. पुरवठादाराकडून भागनिहाय खर्चपत्रक घ्या, नुसतं 'आमचं होतं' यावर जाऊ नका.

गोदीवाला:
एक भर. करार जुना असेल तर त्यातले कोडही जुने असतात. एचएस २०१७ मध्ये एलईडी बल्ब ८५३९.५० होता आणि मॉड्यूलला स्वतःचा उपविभागच नव्हता, तेव्हा मॉड्यूल कुठे धरायचा यावर सगळा निकाल फिरतो. इथे अंदाज नको. ऑर्डर देण्याआधी सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरण आणि उगम या दोन्हींवर आगाऊ निर्णय मागा.

वाटेत जहाज बदलणार असेल तर तिसऱ्या देशात माल सीमाशुल्काच्या देखरेखीखाली राहिल्याचा पुरावा आणि शक्यतो थेट बिल ऑफ लेडिंग (निघाल्यापासून पोचेपर्यंतची जहाज कंपनीची एकच मालपावती) लागतं. उगम प्रमाणपत्रावरचं वर्णन, वजन आणि बीजक क्रमांक मालाच्या कागदांशी जुळतात का ते मसुदा हातात असतानाच तपासा. जहाज सुटल्यावर दुरुस्ती करून घेणं फार किचकट.