भर जानेवारीत भिंतीला ओल: पाणी येतंय तरी कुठून?

माडातलं घर (गुहागर तालुका)

आमचं घर चिऱ्याचं, आजेसासऱ्यांच्या वेळचं, वर कौलं. सासूबाईंना रात्री बाहेर जाणं जमेना म्हणून २०१४ साली मागच्या अंगाला स्लॅबचं न्हाणीघर जोडून घेतलं. त्यांची खोली त्याला लागूनच. आता त्याच खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. पावसाळ्यात काही नव्हतं, दिवाळीनंतर सुरू झालं, आणि तेव्हापासून इथे पावसाचा थेंब नाही.

ओल जमिनीपासून निघून गुडघ्याच्या वर चढली आहे. रंगाचे पापुद्रे सुटतायत, मागे पांढरा लोणा, म्हणजे मिठाचा थर. गंमत बघा, सगळ्यात गडद ओल न्हाणीघराच्या भिंतीपाशी नाहीच. तिथून चांगली चार हात लांब, कपाटामागे आहे. परवा सासूबाईंची ट्रंक सरकवली तर तळ गंजलेला आणि खालच्या दोन नऊवारींवर तांबूस डाग. त्या काही बोलल्या नाहीत, लुगड्यावरून नुसता हात फिरवत बसल्या. मला बघवेना. त्यांचं वय ७९, दमा आहे, आणि रात्रभर त्या कुबट वासात झोपायचं.

एक प्लंबर म्हणतो आतला पाइप फुटलाय, सगळ्या टाइल्स काढाव्या लागतील. दुसरा म्हणतो आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा. हे मुंबईला नोकरीत, त्यामुळे ठरवायचं मलाच आहे. फोडायला माझी ना नाही. पण कुठे फोडायचं ते कळल्याशिवाय घराला छिन्नी लावू देणार नाही.

जुना नळवाला (चिपळूण)

ताई, बरोबर करताय. तूर्त दोघांनाही थांबवा.

टाकीकडून नळाला येणाऱ्या पाण्याला रात्रंदिवस दाब असतो, त्यामुळे तो पाइप गळत असेल तर तुम्ही झोपलात तरी गळतो. मोरीतून जाणारं सांडपाणी तुम्ही ओताल तेव्हाच वाहतं. हा फरक धरून चाला, निम्मं काम झालं.

रात्री पंप बंद, सगळे नळ बंद, टाकीचं झाकण लावलेलं. टाकीत माडाचा हीर (पातीतली काडी) उभा धरून पाण्याची उंची बघा, पहाटे कुणी नळ सोडायच्या आत परत बघा. टाकी गोल असून व्यास १०५ सेंमी असेल तर १ सेंमी म्हणजे साडेआठ लिटरच्या वर पाणी. अर्धा सेंमी उतरली तरी कळतं. फ्लशची टाकी गळत नाही ना ते आधी बघून घ्या, नाहीतर उगाच भिंतीवर आळ येतो. तिच्यात दोन चमचे कोकमाचा आगळ घाला, तासाभरात न ओढता भांड्यात लाली उतरली तर वॉशर गेला.

आणि आजच ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख लिहा. डोळ्यांच्या अंदाजावर राहू नका.

चिरेबंदी (देवगड)

यात एक भर घालतो. तुमचा चिरा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड. जुन्या भिंतीत सांधे मातीचे, पाणी त्यातून वाट काढत जातं आणि भलतीकडेच दिसतं. कपाटामागे ओल गडद आहे ती बहुधा तिथे वारा लागत नाही म्हणून. इतर ठिकाणी येतं तेवढं वाळून जातं, तिथे साचतं. त्यामुळे डाग मोठा दिसतो तिथे फोडायची चूक करू नका. आमच्याकडे ती झाली आहे, देवघराची भिंत नाहक फोडली.

पाण्यात रंग घालून बघायचं असेल तर लाल नको, जांभ्यात तो दिसणारच नाही. कपड्यांची नीळ घ्या.

पालशेतकर

थर्मल कॅमेऱ्याने सापडत नाही का? पुण्यात आमच्या सोसायटीत आणला होता.

जुना नळवाला (चिपळूण)

तो कॅमेरा पाणी बघत नाही, भिंतीचं तापमान बघतो. ओल वाळताना भिंत गार होते, ती गार जागा दाखवतो. म्हणजे ओल कुठवर पसरली ते कळेल, निघते कुठून ते नाही. गरम पाण्याचा पाइप फुटला असेल तर मात्र तो चटकन सापडतो.

माडातलं घर

तीन रात्री मोजलं. हिरावरची खूण जागची हलली नाही, आणि आगळ टाकीतच राहिला. म्हणजे टाकीकडचा पाइप धड आहे. सगळ्या टाइल्स काढायला निघालेल्या प्लंबरला मी हे सांगितलं, तो गप्प झाला.

पेन्सिलीची रेघ मात्र चार दिवसांत बोटभर मागे पडली. मुलीची सुट्टी होती आणि कपडे रोज धुतले, तेव्हा जास्त. आता पुढे?

जुना नळवाला (चिपळूण)

आता मोरी. पण लादी गळते की खालचा पाइप, ते वेगळं करायला हवं. वाळू भरलेली प्लास्टिकची पिशवी जाळीवर घट्ट बसवा आणि उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, इंचभर, निळीचं पाणी साठवा. २४ तास राहू द्या. ते टिकलं तर लादी आणि सांधे ठीक.

मग पिशवी काढून बाहेर जिथे पाणी पडतं तिथे टब ठेवा. आधी एक बादली ओतून पाइप भिजवून घ्या, तो हिशेबात धरू नका. नंतर मोजून चार बादल्या ओता आणि बाहेर किती आल्या ते मोजा.

माडातलं घर

लादीवरचं निळं पाणी दुसऱ्या दिवशीही होतं तेवढंच.

आमची मोरी केळींच्या आळ्यात सोडली आहे. तिथे मी टब लावला आणि मुलीने आतून १५ लिटरच्या चार बादल्या ओतल्या. बाहेर भरल्या जेमतेम पावणेतीन! सव्वा बादली वाटेतच गेली. तिघींच्या आंघोळी आणि कपडे धरून आमचं रोजचं पाणी दीडशे लिटर. म्हणजे पंचेचाळीस-सत्तेचाळीस लिटर रोज जोत्यात जिरत होतं. यंदा केळी का रोडावल्या, तेही आत्ता कळलं.

मग शेजारच्या काकांना बोलावून न्हाणीघराच्या बाहेरून, भिंतीला लागून खणायला घेतलं. दीड हातावर माती निळी लागली. आणखी जरा खणलं तर पोकळी. घुशीने जोत्याखाली बीळ केलं होतं. पाइपाखालची माती गेली, तो खचला आणि जोड निसटला. काकांनी तो हाताने ओढला तर सहज हातात आला. आत पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा मागमूस नाही, नुसता खोचलेला! ज्याने ते काम केलं तो आमच्याच ओटीवर चहा पिऊन गेला होता. पाच मिनिटांचं काम, तेवढं का नाही करावं माणसाने?

एकही टाइल फोडावी लागली नाही. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही.

चिरेबंदी (देवगड)

वा! बीळ नुसत्या मातीने बुजवू नका, घूस परत येते. दगड ठासून वर काँक्रीट घाला आणि पाइपाला खालून चिऱ्याचा आधार द्या. जोड केल्यावर चार बादल्यांची मोजणी परत करा, मगच माती लोटा.

भिंतीला आतून वॉटरप्रूफिंग अजिबात नको. चिऱ्याने प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. आतून बंद केलीत तर ओल आणखी वर चढेल. लोणा लागलेला सिमेंटचा गिलावा वीतभर जास्तच काढून भिंत उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतलात तर मीठ परत आत जातं. वाळायला महिने लागतील, घाईने रंग लावू नका. पुढे गिलावा चुन्याचा करा, तो श्वास घेतो. जुने लोक शिंपल्यांचा चुना वापरायचे ते काही उगाच नाही.

माडातलं घर

जोड करून मोजलं, चारच्या चार बादल्या बाहेर आल्या. गिलावा कमरेपर्यंत काढलाय. कपाट भिंतीपासून हातभर पुढे घेतलंय, दुपारभर खिडकी उघडी असते.

सासूबाईंची खाट तूर्त माजघरात हलवली आहे. काल उघड्या भिंतीचे चिरे चाचपून म्हणाल्या, "अजून गार लागतात गं." रोज सकाळी त्या स्वतः जाऊन हात लावून बघतात आणि मला सांगतात. त्यांनी "सुकली" म्हटल्याशिवाय खाट परत नेणार नाही.