मदत हवी आहे: १४ जादा ओंडके पडून आहेत. फळ्या पाडाव्यात की तसेच विकावेत? विकले तर कराचं काय?

हौशी_सुतार (धागाकर्ता):
बांधकामाची जागा मोकळी करताना पाडलेल्या झाडांचे १४ ओंडके माझ्याकडे आलेत. १० कठीण लाकडाचे, ४ पाइनचे. लांबी अडीच ते तीन मीटर, घेर १०० ते १४० सेंमी. तोडून तीन आठवडे झाले. साल तशीच आहे, ओंडके थेट जमिनीवर पडलेत, आणि दोन-तीन टोकांना बारीक चिरा दिसू लागल्यात. मला एक टेबल आणि दोन बाकं करायची आहेत, त्यासाठी पाच-सहा ओंडके पुरतील. बाकीचे जादा.

प्रश्न असे:
१) आत्ता लगेच काय करू?
२) चेनसॉला चौकट लावून घरीच चिरू की गिरणीवर नेऊ?
३) उरलेलं लाकूड विकलं तर कर लागतो का? मी पगारदार आहे, त्यातून आधीच कर कापला जातो. शनिवार-रविवारच्या घामावर पुन्हा कर, हे पटत नाही. तुमचं मत काय?

ओली_फळी:
पहिलं काम टोकं बंद करणं. बाकी चर्चा नंतर वाचलीत तरी चालेल.

लाकडातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे टोकाकडून पाणी बाजूपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने जातं. टोक आक्रसतं, आतला भाग ओला म्हणून आक्रसत नाही, आणि या ओढाताणीत टोक फाटतं. चिरा पडलेल्या टोकांचा ५ ते ८ सेंमीचा काप काढून टाका. चिरेवरच मेण लावलं तर आतली फट पुढे सरकत राहते. ताज्या कापावर मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं मेण) किंवा जाड रंगाचे दोन-तीन हात द्या. फांदी छाटलेल्या जागाही सोडू नका, तिथेही नळ्या उघड्याच असतात. आणि टोकाच्या कडेने सालीवर दोन-तीन सेंमी येईल इतका हात फिरवा, चिरा बहुतेक वेळा कडेपासूनच सुरू होतात.

मग ओंडके जमिनीवरून उचला. खाली दोन जाड बल्ल्या, जमिनीपासून निदान एक वीत अंतर, सावली. पाइनचे चार ओंडके सर्वांत आधी चिरा. उबदार, दमट हवेत पाइनच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात निळी बुरशी काही आठवड्यांतच शिरते. त्याने ताकद फारशी जात नाही, पण रंग कायमचा बिघडतो. चिरायला उशीर होणार असेल तर साल काढून टाका, सालीखालचे भुंगे तरी थांबतील. मात्र साल काढलेला ओंडका बाजूनेही लवकर वाळतो आणि फाटतो. म्हणून कठीण लाकडाची साल महिनाभरात चिरणार असाल तर राहू द्या, त्याहून उशीर होणार असेल तर काढा आणि सावली पक्की ठेवा.

रंधा:
चिरण्याबद्दल. आधी मोजून घ्या, नाहीतर गिरणीवाला, गिऱ्हाईक आणि तुम्ही तिघं तीन आकडे बोलाल.

व्यवहारात पाव-घेराची रीत चालते. मधला घेर घ्यायचा, चारने भागायचं, वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. घेर १२० सेंमी, लांबी ३ मीटर असेल तर ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर. गोल ओंडक्याचं खरं आकारमान मात्र ०.३४ घनमीटर येतं. पाव-घेराच्या रीतीत सुमारे २१ टक्के माप आधीच सोडलेलं असतं, ते चिराईतल्या नासाडीपोटी. म्हणून विकताना माप कुठल्या रीतीचं आहे ते बोलून ठेवा. पाव-घेराचं माप धरून वर पुन्हा "नासाडी वजा" कोणी म्हणत असेल तर तो एकाच गोष्टीचे पैसे दोनदा कापतोय.

चेनसॉ की गिरणी? चेनसॉचा काप ९ ते १० मिमी रुंद, गिरणीतल्या बँडसॉचा (पातळ पट्टीच्या पात्याची करवत) २ ते ३ मिमी. ३० सेंमी चौकोनी केलेल्या ओंडक्यातून ३० मिमी जाडीच्या फळ्या चेनसॉने सात निघतात, बँडसॉने नऊ. दोन फळ्यांचा भुसा होतो. त्यात चेनसॉला उभ्या, म्हणजे लांबीच्या दिशेच्या, चिराईसाठी लागणारी साखळी वेगळी असते. आडव्या कापाच्या साखळीचे दात ३० अंशांच्या आसपास घासलेले असतात, उभ्या चिराईला १० अंशांच्या जवळ घासतात. आडवी साखळी तशीच चालवली तर यंत्र तापतं, फळीवर लाटा उठतात आणि दर फळीमागे जास्त रंधा मारावा लागतो. इंजिन ६० ते ७० सीसीच्या वर हवं. सगळे १४ चिरायचे असतील तर गिरणीच बरी. ओंडका हलवणं अशक्य असेल किंवा टेबलासाठी नैसर्गिक कडेची रुंद फळी हवी असेल तिथे चेनसॉ.

गिरणीवर नेण्याआधी खालच्या दीड-दोन मीटरवर धातुशोधक फिरवा. वस्तीतल्या झाडात खिळे, तार, कडी सापडतातच. टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरा, कठीण लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाशी मिळून तो रंग धरतं. पात्याचं नुकसान कोण भरणार हे ओंडका गाड्यावर चढण्याआधी ठरवायचं.

जाडी तयार मापाच्या वर ठेवा. २५ मिमी तयार हवी असेल तर ३० मिमी चिरा. दोनेक मिमी वाळताना जाते, उरलेली रंध्यात. आणि झाडाचा गाभा फळीच्या मधोमध येऊ देऊ नका. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. गाभा ज्या फळीत आहे ती मधून फाटणार, नशिबाचा प्रश्न नाही. ती फळी गाभ्याच्या दोन्ही बाजूंनी चिरून दोन अरुंद फळ्या करा. गाभ्याची पट्टी जळणात.

गाभा टोकाला मधोमध नसून एका बाजूला सरकलेला दिसतो ते ओंडके वेगळे काढा. ते झुकलेल्या झाडाचे किंवा जाड फांदीचे. त्यात ताण साठलेला असतो. करवत मध्यापर्यंत गेली की फळी उसळते किंवा पात्याला चिमटा बसतो. फर्निचरला घेऊ नका, आखूड तुकड्यांच्या कामाला वापरा.

हौशी_सुतार:
दोघांचे आभार. टोकं आजच रंगवतो. गिरणीवरून फळ्या आल्यावर रचून ठेवायच्या एवढं माहीत आहे. किती काळ? आणि पांढऱ्या भागाला घूण लागते म्हणतात, त्याला काय?

ओली_फळी:
रचाईत हयगय झाली तर चांगली चिराई वाया.

पाया सपाट हवा, डोळ्याने नाही, दोरी लावून बघायचा. जमिनीपासून ३० ते ४५ सेंमी. थरांमध्ये २० ते २५ मिमीच्या कोरड्या पट्ट्या, सगळ्या एकाच जाडीच्या. ओल्या पट्टीचा डाग फळीत खोलवर उतरतो आणि रंध्यानेही जात नाही. पट्ट्यांमध्ये ४० ते ६० सेंमी अंतर, पातळ फळ्यांना कमी. वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर यायला हवी, एक जरी सरकली तर तिथे फळीला कायमचा बाक येतो. दोन्ही टोकांना पट्टी अगदी कडेला लावा. वर पत्रा, पत्र्यावर वजन, बाजू मोकळ्या. प्लास्टिकने चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत बुरशी माजते. पहिले काही आठवडे कडक वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला जाळी बांधा, कारण कठीण लाकडाचा पृष्ठभाग सर्वांत जास्त याच काळात तडकतो.

काळ: २५ मिमी जाडीला साधारण वर्ष हा ठोकताळा. पाइन त्याच्या बऱ्याच आधी वाळतो, दाट कठीण लाकूड जास्त घेतं, आणि ५० मिमीची फळी दुप्पट नाही तर त्याहून अधिक. कॅलेंडरवर विसंबू नका. रचाईच्या मधल्या फळीतून, टोकापासून अर्धा मीटर आत, छोटा तुकडा कापा. वजन करा, १०३ अंश सेल्सियसला वजन घटायचं थांबेपर्यंत भट्टीत वाळवा, पुन्हा वजन करा. फरक भागिले कोरडं वजन. ४६० ग्रॅमचा तुकडा ४०० वर थांबला तर ओलावा १५ टक्के. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, त्याखाली उघड्यावर जाणार नाही. टेबल जिथे राहणार त्या खोलीत फळ्या पट्ट्या लावून काही आठवडे ठेवा आणि मगच सांधे करा.

घूण म्हणाल तर ती पांढऱ्या लाकडातल्या पिठासाठी येते, मोठ्या छिद्रांच्या कठीण लाकडात. पाइनला ती घूण लागत नाही. फळ्या चिरल्या त्याच दिवशी, ओल्या असतानाच, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवा. मग पहिले दोन आठवडे रचाई झाकून ठेवा, म्हणजे क्षार ओलाव्यातून आत झिरपतात. आधी मी प्लास्टिक नको म्हटलं ते वाळवण्याच्या काळाबद्दल, हा टप्पा त्याच्या आधीचा. वाळलेल्या फळीवर हेच द्रावण वरवरच राहतं. पावसात धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या बाकाला पुरत नाही. हातमोजे घाला, आणि अन्न ठेवायच्या फळीला हे वापरू नका.

कापशेष:
जादा ओंडक्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळ्या ओंडक्यांच्या फळ्या करायच्या हट्टात जागा आणि पट्ट्या कमी पडतात, आणि रचाई बिघडते. तुमच्या सहा सोडून बाकी आठांची वाटणी करा.

सरळ, गाठी नसलेला आखूड भाग हत्यारांच्या दांड्यांना. तो चिरायचा नाही, पाचरीने फोडायचा. फोडल्यावर तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात, करवतीने ते मध्येच तुटतात आणि दांडा तिथेच मोडतो. लेथवर वाडगी करणारे ओलं लाकूडच मागतात. त्यांच्यासाठी ओंडका व्यासाइतक्या लांबीचा कापा, गाभ्यातून दोन भाग करा, सगळीकडून मेण लावा. गोल चकत्या कापून ठेवू नका, वर सांगितलेल्या आक्रसण्याच्या फरकामुळे जवळपास प्रत्येक चकतीला पाचरीच्या आकाराची भेग पडते.

सालीकडच्या फळकटांचं कुंपण होईल. गाठाळ माल फोडून जळणाला, ओलावा २० टक्क्यांखाली आल्यावरच. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि धुराड्यात डांबर साचतं. भुसा मातीत कालवला तर कुजताना मातीतलं नत्र खेचून घेतो, म्हणून वरून पसरा किंवा शेणखताबरोबर कुजवा. ओल्या भुशाचा मोठा ढीग आतून तापतो, शेडला टेकवून ठेवू नका.

आणि तोडीचा, वाहतुकीचा परवाना जिथे लागतो तिथे कागद ओंडक्यांबरोबर असू द्या. विकताना घेणारा तोच आधी विचारतो.

जमाखर्च:
कराबद्दल. आकडे आणि सवलती तुमच्या कायद्याप्रमाणे बघा, तत्त्व बहुतेक ठिकाणी असं आहे. उरलेली वस्तू एकदा विकणं वेगळं आणि नफ्यासाठी चिरून, वाळवून पुन्हा पुन्हा विकणं वेगळं. दुसरं धंद्यात मोडतं. धंद्यात कर नफ्यावर, म्हणून खर्चाची नोंद हाच तुमचा बचाव. चिराई, वाहतूक, पातं, इंधन, मेण, पत्रा, सगळ्याची पावती. यंत्र घेतलं तर त्याचा खर्च त्याच्या आयुष्यावर वाटून लागतो, आणि अर्धा वापर घरच्या टेबलासाठी असेल तर अर्धाच. स्वतःची मजुरी मात्र खर्चात धरता येत नाही. एकट्याच्या धंद्यात उरलेला नफा हीच मजुरी.

एक गैरसमज फार ऐकू येतो: "जादा कमाईने वरच्या टप्प्यात गेलो तर हातात कमीच येईल." टप्प्याचा दर फक्त टप्प्याच्या वरच्या रकमेला लागतो. समजा पहिल्या १००० वर १० टक्के, पुढे २० टक्के. ११०० कमावले तर कर १०० + २० = १२०, २२० नाही. उत्पन्नावर बेतलेली एखादी सवलत त्या रेषेला एकदम बंद होत असेल तर मात्र भीती खरी ठरते. ती रेषा आधी शोधा.

पगारी:
हिशोब बरोबर आहे, पण धागाकर्त्याची तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे. पगारदाराचा कर हातात यायच्या आधीच कापला जातो. कामावर जायचा प्रवास, कपडे, स्वतःची हत्यारं यांची वजावट त्याला मिळालीच तर तुटपुंजी, धंदेवाल्याला मात्र धंद्यासाठी केलेला खर्च वजा करता येतो. वर विक्रीकरासारखे कर सगळ्यांना एकाच दराने. जो मिळकतीतला जवळजवळ सगळा पैसा खर्च करतो, त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा त्यात जातो. कर द्यायला कष्टकऱ्याची ना नसते. घामाच्या पैशावर दर चढा आणि बसून मिळणाऱ्या पैशावर सवलत, हे टोचतं.

जमाखर्च:
यातलं बरंच मान्य. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली कराच्या चार कसोट्या सांगितल्या: ऐपतीप्रमाणे, निश्चित, देणाऱ्याच्या सोयीचा, आणि वसुलीचा खर्च कमी. छोट्या जोडधंद्याला बहुधा दुसरी आणि तिसरी नडते. कर किती, यापेक्षा किती अर्ज, कधी, आणि चुकलं तर काय, याचीच धास्ती जास्त.

लहानांसाठी उलाढालीवर सरसकट कमी दर हा सोपा मार्ग म्हणून सांगतात. तो नीट तपासा. १०० ची विक्री, ६० खर्च, ४० नफा. उलाढालीवर ५ टक्के म्हणजे ५, म्हणजेच नफ्याच्या साडेबारा टक्के. त्याच वर्षी घूण लागून खर्च १०५ वर गेला तर तोट्यातही ५ भरायचे. लाकडात नासाडी मोठी असते, तेव्हा निवड करायची मुभा असेल तर दोन्ही रीतींनी हिशोब मांडून बघा.

हौशी_सुतार:
शेवटचं. गिरणीवाला म्हणतो पैसे नकोत, निम्म्या फळ्या दे. पैशाची देवाणघेवाणच नाही, मग कर नाही ना? आणि सौदा बरा आहे का?

जमाखर्च:
बहुतेक कायद्यांत वस्तूच्या बदल्यात सेवा हाही व्यवहारच, बाजारभावाने मोजतात. दिलेल्या फळ्यांची किंमत विक्रीत आणि तितकीच चिराई खर्चात लिहा. विकायच्या मालापुरतं हे एकमेकांत वजा होईल. घरच्या टेबलाच्या फळ्यांची चिराई मात्र खर्चात घेता येणार नाही.

रंधा:
सौदा "निम्म्या फळ्या" असा करू नका. तो गाभ्यापासून लांबच्या, बिनगाठीच्या रुंद फळ्या उचलेल आणि तुम्हाला अरुंद माल उरेल, मोजणीला दोघांकडे सारख्याच. ओंडक्यांची वाटणी चिरण्याआधी करा: घेर आणि लांबी लिहून जोड्या लावा, जोडीतला एक त्याने निवडायचा, पुढच्या जोडीतला तुम्ही. टेबलाचे दोन ओंडके या वाटणीतून बाहेर ठेवा आणि त्यांची चिराई रोख द्या. धातू लागला तर पात्याचे पैसे ज्याचा ओंडका त्याचे, हेही त्याच कागदावर लिहा.