अनोळखी प्रणालीवर फायली हलवताना: आपले अनुभव लिहा

विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्यानंतर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी लिनक्स किंवा मॅक वापरायला घेतले. नव्या प्रणालीवर टंकलेखन किंवा इंटरनेट लवकर जमते. अडखळायला होते ते फायली एका जागेवरून दुसरीकडे नेताना, कारण ही कृती हाताच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती वेगळ्या रीतीनेही होत असेल, हे आपल्या मनातच येत नाही. आणि चूक झाली तर आपलेच काम हातचे जाते. म्हणून आपापले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. नेमकी कोणती कळ दाबली आणि त्यावर काय घडले, हे नोंदवल्यास वाचणाऱ्याला अधिक उपयोग होईल.

सुरुवात मी करतो. विंडोजमध्ये फाइल हलवायला कंट्रोल-एक्सने उचलतात, म्हणून मॅकवर फाइल निवडून कमांड-एक्स दाबले, तर काहीच घडेना. दोन दिवस मी फायलींच्या प्रती करून मूळ फायली एकेक करून पुसत होतो. नंतर कळले की फाइल कमांड-सीने उचलायची आणि हव्या त्या फोल्डरमध्ये जाऊन ऑप्शन-कमांड-व्ही दाबायचे. प्रत करायची की फाइलच हलवायची, हे विंडोजमध्ये उचलताना ठरते, तर मॅकमध्ये ठेवताना. विचारांती मला मॅकची पद्धत अधिक योग्य वाटते, कारण फाइल कुठे ठेवायची ती जागा डोळ्यांसमोर असताना निर्णय घेता येतो.

* * *

माझा अनुभवही मॅकवरचाच आहे, पण तो अधिक महागात पडला. बाह्य डिस्कवर ‘छायाचित्रे’ नावाच्या फोल्डरमध्ये तीन वर्षांची चित्रे होती. संगणकावरही त्याच नावाचा फोल्डर होता आणि त्यात फक्त गेल्या महिन्याची चित्रे होती. तो मी ओढून डिस्कवर सोडला. त्या नावाचा फोल्डर तेथे आधीच आहे, तो बदलायचा का, असे विचारले गेले आणि मी होकार दिला. विंडोजमध्ये अशा वेळी दोन्ही फोल्डर एकमेकांत मिसळतात, जुन्या फायली राहतात आणि नव्या त्यांच्यात येऊन बसतात, हे मी इतकी वर्षे पाहत आले होते. मॅकने मात्र शब्दाप्रमाणे केले: जुना फोल्डर काढून त्या जागी नवा ठेवला. तीन वर्षांची चित्रे कचरापेटीतही सापडली नाहीत. त्यांपैकी निम्मी एका जुन्या संगणकावर मिळाली, बाकीची गेली ती गेलीच. फोल्डर ओढताना ऑप्शनची कळ दाबून ठेवल्यास दोन्ही एकत्र करण्याचा पर्याय मिळू शकतो, हे मला त्यानंतर समजले. आता सारख्या नावाचा फोल्डर दिसला की मी आधी एकाचे नाव बदलते.

* * *

लिनक्सवर पहिला आठवडा मी सी ड्राइव्ह शोधत होतो. तेथे अशी अक्षरे नसतात. सगळे काही एकाच मुळाखाली असते आणि पेनड्राइव्हसुद्धा त्याच झाडाची एक फांदी म्हणून दिसतो. एवढे ध्यानात आल्यावर पुढचे सोपे गेले.

* * *

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याची खिडकी, वापरणाऱ्यांसाठी लिहितो. लिनक्समध्ये फाइल हलवण्याची आज्ञा ‘एमव्ही’ आणि नाव बदलण्याची आज्ञाही तीच. मला बारा अहवाल ‘जुने’ या फोल्डरमध्ये न्यायचे होते. तो फोल्डर मी तयार केला आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो नव्हता. मी एकेका अहवालासाठी आज्ञा देत गेलो. पहिल्या आज्ञेने पहिल्या अहवालाचे नाव ‘जुने’ झाले. दुसऱ्या आज्ञेने दुसरा अहवाल ‘जुने’ झाला आणि पहिला पुसला गेला. असे बाराव्यापर्यंत चालले आणि शेवटी ‘जुने’ नावाची एकच फाइल उरली, तिच्यात बारावा अहवाल. मधे एकदाही इशारा मिळाला नाही, कारण आज्ञेच्या दृष्टीने चुकीचे काही घडलेच नव्हते. आता मी फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरपी रेघ देतो; तो फोल्डर अस्तित्वात नसेल तर आज्ञा तेथेच थांबते. शिवाय ‘हायफन आय’ जोडले की काही पुसण्यापूर्वी विचारणा होते.

* * *

मराठी नावे देणाऱ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. एका जुन्या मॅकवरून लिनक्सवर फायली आणल्यावर माझ्याकडे ‘दुसऱ्या आवृत्ती’ या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू लागले. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, म्हणून मी बराच वेळ गोंधळून गेले. कारण होते ‘ऱ’ हे अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत, ते एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. मॅकची जुनी फाइलव्यवस्था (डिस्कवर फायली ठेवण्याची रीत) नावे अशी सुटी करून ठेवत असे, तर लिनक्सवर मी टंकलेले अक्षर एकसंध होते. डोळ्यांना दोन्ही सारखी, पण लिनक्सला वेगळी. शोध घेतला तरी त्यांतला एकच फोल्डर सापडे. मी एकाचे नाव पुन्हा टंकून दोन्हींतील फायली एकत्र केल्या.

* * *

माझ्या अडचणी लहान होत्या. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेच्या डिस्कवरचे मॅकला वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. आणि फॅट-३२ या फाइलव्यवस्थेच्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. दोन्हींवर उपाय एकच, पेनड्राइव्ह एक्सफॅट या फाइलव्यवस्थेचा करून घेणे.

* * *

मी उलट्या दिशेने, मॅकवरून विंडोजवर आले. फाइल ओढली की ती हलते, एवढेच मला ठाऊक होते. पण त्याच ड्राइव्हवर ओढली तर ती हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. हा नियम मॅकवरही आहे. तेथे माझी एकच डिस्क असल्याने त्याच्याशी कधी गाठ पडली नव्हती. हिशेबाची फाइल डी ड्राइव्हवर हलवली असे मानून मी तेथे काम करत राहिले आणि सहकारी सी ड्राइव्हवरच्या मूळ फाइलमध्ये नोंदी करत राहिला. महिन्याअखेरीस दोन फायलींतल्या नोंदी ओळीओळीने जुळवाव्या लागल्या, त्यात दोन दिवस गेले. आता मी माउसचे उजवे बटण दाबून ओढते. सोडताच हलवायचे की प्रत करायची, अशी निवड समोर येते आणि मी ती वाचूनच पुढे जाते.