सुरुवातीच्या शाईपेनानंतर पुढचे पेन कोणते घ्यावे? रोजचे देवनागरी लेखन, मर्यादा १५,००० रुपये

प्रश्न : खर्डेघाशीण (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी अनुवादाचे काम करते आणि गेली अडीच वर्षे पहिला खर्डा शाईच्या पेनाने हातानेच लिहिते. रोजची चार-पाच पाने होतात आणि सगळे लेखन देवनागरीत असते. आतापर्यंत सुमारे १,५०० रुपयांना घेतलेले, पोलादी निबेचे, मीडियम जाडीचे एकच पेन वापरले. शाईच्या पेनाची गोडी मला त्यानेच लावली, त्यामुळे त्याच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण आता तीन गोष्टी सतत जाणवू लागल्या आहेत.

उभा काना अगदी मऊ उतरतो, मात्र शिरोरेषा ओढताना निब कागदाला अडकते आणि बारीक खर्र असा आवाज येतो. 'क्ष', 'ज्ञ', 'ळ', 'भ' या अक्षरांच्या गाठी शाईने भरून जातात, त्यामुळे टंकलेखनाच्या वेळी माझे मलाच अक्षर लागत नाही. आणि शनिवारी दुपारी ठेवलेले पेन सोमवारी सकाळी हातात घेतले, की पहिल्या दोन ओळी निब कोरडीच फिरते.

यापुढचे पेन घेण्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत रक्कम मी बाजूला ठेवली आहे. प्लॅटिनम ३७७६ आणि पायलट कस्टम ७४ ही जपानी कंपन्यांची पेने आणि भारतीय बनावटीचे एखादे एबोनाइटचे (कडक केलेल्या रबराचे) पेन, या तिघांवर मन घुटमळते आहे. सोन्याच्या निबेने माझ्या अडचणी खरोखर सुटतील का, की तो केवळ हौसेचा भाग आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : भिंग आणि निब (कोल्हापूर)

आपल्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगवेगळी आहेत आणि पहिली तर पैसे न खर्चता सुटण्यासारखी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

काना वरून खाली येतो आणि शिरोरेषा डावीकडून उजवीकडे जाते. निब उभ्या दिशेत मऊ लागून एकाच आडव्या दिशेत खरखरत असेल, तर बहुतेक वेळा तिची दोन पाती एका पातळीत राहिलेली नसतात. आपल्या बाबतीत, लिहिताना वरून पाहिल्यावर जे डावीकडचे पाते दिसते, ते उजव्यापेक्षा किंचित खाली आलेले असावे. उजवीकडे जाताना त्याची आतली कड कागदाच्या तंतूंत रुतते. उजवीकडून डावीकडे एक रेघ उलटी ओढून पाहा. ती मऊ आली, तर निदान पक्के समजायला हरकत नाही. त्यानंतर घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट भिंग मिळवा आणि निबेचे टोक थेट डोळ्याकडे करून उजेडात पाहा. टोकाचे दोन अर्धगोल एका रेषेत दिसायला हवेत. केसाएवढा फरक असला तरी तो शिरोरेषेत जाणवतो, कारण रोमन लिपीत एवढ्या लांब आडव्या रेघा सलग ओढाव्याच लागत नाहीत. परदेशी परीक्षणांत ज्या पेनांची स्तुती होते, त्यांतली काही पेने आपल्या हातात आल्यावर खरखरतात, यामागे हेही एक कारण आहे असे माझे मत आहे.

उपाय असा : खाली आलेले पाते खालच्या बाजूने नखाने हळूच वर उचलून दोन-तीन सेकंद धरावे, सोडावे, पुन्हा भिंगातून पाहावे. एकदम जोर लावू नये. चार-पाच वेळा थोडे-थोडे केले तरी चालते. मात्र पॉलिश पेपरवर निब घासण्याच्या फंदात पडू नका. टोकावरचा कठीण मिश्रधातूचा थेंब एकदा झिजला की भरून येत नाही. वडिलांच्या पेनाची निब मी अशीच घासून संपवली, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

पाती मुळात सरकतात ती बहुधा दाबामुळे. बॉलपेनचा गोळा फिरायला दाब लागतो, शाईच्या पेनाला तो लागत नाही. शाई केशाकर्षणाने आपोआप खाली येते आणि निबेने कागदाला नुसते टेकायचे असते. आपण वहीच्या पानावर लिहीत असाल, तर मागच्या बाजूवरून बोट फिरवून पाहा. अक्षरे बोटाला लागत असतील, तर हात अजून बॉलपेनच्याच सवयीचा आहे. त्या हाताने सोन्याची निब तर आणखी लवकर बिघडेल, म्हणून नव्या पेनाआधी एक महिना हात हलका करण्याकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर २ : निळी दौत (डोंबिवली)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. उरलेल्या दोन तक्रारींबद्दल लिहितो, कारण त्यांच्यासाठी पेन बदलणे खरोखरच योग्य ठरेल.

सोन्याच्या निबेबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. कागदाला जे टोक लागते, ते सोन्याचे नसतेच. पोलादी निब असो वा सोन्याची, टोकावर कठीण मिश्रधातूच जोडलेला असतो. निबेसाठी सोने वापरू लागण्याचे मोठे कारण असे की, जुन्या आम्लधर्मी शाया साध्या पोलादाला खाऊन टाकत आणि सोन्याला त्यांचा उपद्रव होत नसे. आजच्या शाया सौम्य आहेत आणि गंजरोधक पोलादही चांगले मिळते, त्यामुळे तो प्रश्न फारसा उरलेला नाही. १४ कॅरटच्या निबेत हजारी ५८५ भाग सोने असते आणि तिला थोडी लवचीकता येते खरी, पण ती निबेच्या आकारावर आणि जाडीवर अधिक अवलंबून असते. तेव्हा निव्वळ सोन्यासाठी पैसे मोजू नका.

गाठी भरण्याचे कारण निबेची रुंदी. जपानी कंपन्यांची फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा साधारण एका पायरीने बारीक असते. आठ मिलिमीटरच्या ओळीत लिहिताना 'ळ' आणि 'क्ष' यांच्या पोटात पांढरी जागा शिल्लक राहायची असेल, तर हीच रुंदी सोयीची. एक्स्ट्रा फाइन म्हणजे फाइनच्या पुढची बारीक पायरी, तिच्याही खाली मराठीसाठी जाऊ नये. तिथे शिरोरेषा कागद कापल्यासारखी वाटू लागते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपल्यापैकी बरेच जण आधी शब्द लिहितात आणि मग वर रेघ ओढतात, म्हणजे निब अक्षरांच्या ओल्या माथ्यांवरून जाते आणि त्या सांध्यांवर शाई दुसऱ्यांदा पडते. कागद कच्चा असेल तर शाई नेमकी तिथेच फुटते. (मोडीत आधी पानभर रेघ आखून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत, हे या निमित्ताने आठवते.) त्यामुळे फार सढळ शाई सोडणारे पेन आपल्या लिपीला मानवत नाही.

पेन कोरडे पडण्याची तक्रार टोपणाची आहे. प्लॅटिनमची ३७७६ ही मालिका १९७८ पासूनची. जपानच्या फुजी पर्वताची उंची ३,७७६ मीटर, त्यावरून ते नाव. २०११ मध्ये आलेल्या सेंच्युरी आवृत्तीत टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेले दुसरे टोपण आहे. ते निबेभोवती घट्ट बसते आणि शाई २४ महिन्यांपर्यंत सुकत नाही, असे कंपनी सांगते. माझे पेन एका आजारपणात साडेतीन महिने कपाटात पडून होते. काढले आणि पहिल्याच अक्षराला लिहू लागले. कस्टम ७४ त्याहून गुळगुळीत चालते आणि त्यात मोठा कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी आतली नळी) बसतो. ३७७६ ची निब किंचित कडक आहे, कागदावर शिसपेन चालावी तसा सूक्ष्म स्पर्श ती हाताला देते. काहींना तो आवडतो, काहींना नाही. तिच्या कन्व्हर्टरमध्ये शाई मात्र थोडीच मावते, तेव्हा रोजची पाच पाने लिहिणाऱ्याने दौत जवळ ठेवलेली बरी.

'स्टब' नावाच्या रुंद, सरळ कापलेल्या निबेचा मोह होईल, कारण तिच्याने जाड-बारीक वळण येते. पण देवनागरीसाठी बोरू तिरपा तासलेला असे. सरळ कापाच्या निबेने जाडी भलत्याच रेषांना येते आणि अक्षर मराठी वळणाचे वाटत नाही.

उत्तर ३ : एबोनाइटप्रेमी (वर्धा)

भारतीय पेनांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३२ मध्ये स्वदेशी पेने बनवायला सुरुवात केली आणि १९३५ मध्ये गांधीजींनी आमच्या वर्ध्याहूनच पत्र लिहून ते पेन परदेशी पेनांना चांगला पर्याय वाटते, असे त्यांना कळवले. तामिळनाडूतल्या तिरुवल्लूरची रंगा पेनेही हाताने लेथवर घडवलेली असतात, आणि जर्मन बनावटीची निब हवी असेल तर तीही बसवून मिळते.

एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर. हिवाळ्यात पहाटे पाचला हातात घेतले, तरी ते धातूसारखे गार लागत नाही. पकड जाड असल्याने बोटे आवळावी लागत नाहीत. थेट नळीत ड्रॉपरने शाई भरायची असेल, तर तीन मिलिलिटरच्या आसपास मावते, म्हणजे आपली आठवड्याची चिंता मिटली.

दोष लपवत नाही. नळीत शाई पाव भागावर आली, की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून एखादा थेंब टपकतो. तेव्हा शाई अर्ध्यावर आली की पुन्हा भरावी. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ऊन आणि पाणी लागून काळे एबोनाइट तपकिरी पडते. आणि हाताने बनवलेल्या पेनात प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो, म्हणून पाहून-लिहून घेता येत असेल तरच घ्यावे. प्रवास जास्त असेल, तर मी स्वतःच आपल्याला ३७७६ कडे पाठवीन.

प्रश्नकर्तीचे उत्तर : खर्डेघाशीण

आपल्या तिघांचेही मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले, त्यांचा वृत्तांत देते.

उलटी रेघ मऊ आली. भिंगातून पाहिले तेव्हा डावे पाते खरोखरच खाली होते, आणि वहीच्या पानामागे बोट फिरवले तर अक्षरे उठून लागली. नखाने उचलण्याचा प्रयोग दोन दिवसांत सहा-सात वेळा करावा लागला. आता शिरोरेषेचा आवाज थांबला आहे. अडीच वर्षे मी त्या पेनाला नावे ठेवत होते आणि दोष माझ्या हाताच्या दाबाचा होता, हे कळल्यावर वाईट वाटले.

त्यानंतर पुण्याला गेले असताना अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात विनंती करून दोन पेने शाईत बुडवून लिहून पाहिली. माझीच वही नेली होती आणि दोन्हींनी तेच शब्द लिहिले : ज्ञानेश्वर, क्षितिज, मळभ, भरधाव. कस्टम ७४ च्या मीडियम निबेने हात सुरेख घसरला, पण 'मळभ'चा 'भ' बुजला. त्यांच्याकडे फाइन शिल्लक नव्हती. ३७७६ च्या फाइनने 'क्ष'च्या पोटात जागा राहिली आणि तो शिसपेनसारखा स्पर्श मला फार आवडला. आठवडाअखेरच्या माझ्या सवयी पाहता टोपणाचा मुद्दाही निर्णायक ठरला. तेच घेतले. जुने पेन लाल शाई भरून दुसऱ्या वाचनाच्या दुरुस्त्यांसाठी ठेवले आहे. एबोनाइटचे पेन पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवते, कारण ते प्रत्यक्ष हातात घेऊन पाहण्याची इच्छा आहे.

एक शेवटची शंका : नवे पेन शाई भरण्याआधी धुवावे का?

उत्तर ४ : भिंग आणि निब

जरूर धुवावे. कारखान्यातला तेलाचा अंश कधीकधी आत राहतो आणि मग शाई अडखळते. साध्या पाण्यात एक थेंब भांड्यांचा साबण टाकून कन्व्हर्टरने पाच-सहा वेळा ओढून सोडावे, मग स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत धुवावे आणि निब खाली करून टीपकागदात रात्रभर उभे ठेवावे. गरम पाणी नको. शाई फाउंटन पेनाचीच भरावी. चित्रकलेच्या काळ्या शाईत लाख असते आणि ती निबेखालच्या खाचांत सुकून बसली की निघत नाही.