मदत हवी आहे: कालमन सिंड्रोम – एचसीजी-एफएसएच इंजेक्शनं कोणी घेतली आहेत का?

नमस्कार मंडळी. मी ३३, बायको ३०, कोथरूडला राहतो. लग्नाला चार वर्षं झाली. माझ्या सीमेन रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. रक्तात एलएच, एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तिन्ही अगदी कमी.

नवीन एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनचे डॉक्टर) रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला वास येतो का?" मला जन्मापासून येत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. दूध करपून खाली लागलं तरी मला कळत नाही, म्हणून आई मला गॅसपाशी एकटं सोडायची नाही. पण त्याचा मूल होण्याशी संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

डॉक्टरांनी कागदावर नाक आणि मेंदू काढून समजावलं. जीएनआरएच हे मेंदूतलं एक हार्मोन, जेमतेम १० अमिनो आम्लांचं न्यूरोपेप्टाइड. ते तयार करणाऱ्या पेशी गर्भात नाकापाशी जन्मतात आणि वासाच्या मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूत जातात. माझ्या पोचल्याच नाहीत; हाच कालमन सिंड्रोम. जीएनआरएच ठरावीक वेळाने थोडंथोडं सुटलं तरच मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच-एफएसएच सोडते, आणि ती आली तरच शुक्राणू बनतात. म्हणजे वृषणांना वरून निरोपच मिळत नाही. हाच निरोप इंजेक्शनने देता येतो, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. १९व्या वर्षापर्यंत मिसरूड फुटलं नव्हतं, म्हणून एका डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं. दाढी आली, आवाज फुटला, सगळे खूश. त्याने शुक्राणू बनत नाहीत, उलट बाहेरून घेतलं तर उरलंसुरलं एलएच-एफएसएचही दबतं, हे कुणी सांगितलं नाही. आणि लग्नानंतर दोन वर्षं तपासण्या झाल्या त्या बायकोच्या. ट्यूबची तपासणी करून आल्यावर ती पोट धरून पडून होती, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

आता टेस्टोस्टेरॉन बंद. आधी काही महिने एचसीजी (हे एलएचचं काम करतं), मग जोडीला एफएसएच. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवा म्हणाले.

ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांना विचारायचंय: शुक्राणू पहिल्यांदा कितव्या महिन्यात दिसले? चाकणला शिफ्ट असते, इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात; प्रवासात कशी सांभाळलीत? पुण्यात ठरावीक वेळाने जीएनआरएच सोडणारा पंप कुणाला लावला आहे का? किसपेप्टिन या मेंदूतल्या हार्मोनबद्दलही वाचलं, पण ते जीएनआरएचच्या पेशींनाच जागं करतं; त्या पेशीच जागेवर नसतील तर माझ्या कामाचं नाही, बरोबर ना?

आणि आईला कसं सांगू? ती अजून सुनेलाच उपास सुचवते आहे. सांगायचं मलाच आहे, शब्द सापडत नाहीत.

इथे लिहायला संकोच वाटला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिलं इंजेक्शन सोमवारी आहे. बायको म्हणाली, मी टोचते.